विनामूल्य ऑनलाइन साहित्य : वापरतो कोण आणि कशासाठी?

जे विनामूल्य आहे ते सर्वांना मिळते, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु विहिरीला पाणी भरपूर असले तरी ज्याच्याजवळ दोर व पोहरा आहे त्याच्याच घरी ते जाते. इंटरनेटवर ठेवलेल्या शिक्षणसाहित्याची गोष्टही अशीच आहे. ते कोण वापरतो, कशासाठी वापरतो आणि कोणाला वापरता येत नाही, याचा विचार प्राथमिक शिक्षकाने अवश्य केला पाहिजे.

साहित्याचे स्वरूप

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने आपले पाठ्यक्रम जगाला खुले करण्याचा निर्णय 2001 साली जाहीर केला. पुढल्याच वर्षी युनेस्कोच्या बैठकीत अशा साहित्याला ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ हे नाव मिळाले. भारतात ‘दीक्षा’ हे व्यासपीठ 2017 साली सुरू झाले. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात, व पुस्तकातील क्यूआर कोडवरून पाठास पूरक साहित्य उघडते. या कोडचा वापर पाठ्यपुस्तकात रुजविण्याच्या कामी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा मोठा वाटा होता. त्यांना 2020 सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. जे नुसते पाहता येते ते विनामूल्य. जे उतरवून घेण्याची, वाटण्याची व आपल्या वर्गाला जुळेल असे बदलण्याची परवानगी असते ते मुक्त होय.

वापरणारे कोण?

एम.आय.टी.चे साहित्य प्रथम मुख्यतः इतर शिक्षकांसाठी म्हणून योजले होते. प्रत्यक्ष पाहणीत मात्र वापरणाऱ्यांत शिक्षक दहात एकाहूनही कमी निघाले. बहुतेक सर्व विद्यार्थी आणि आपले आपण शिकणारे प्रौढ होते. ज्याला गरज आहे तो साहित्य शोधीत येतो, हा यातील बोध होय. कल्याणपासून कर्जतकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील गावांकडे पाहिले असता या गरजांचे निरनिराळे प्रकार सहज ध्यानात येतात.

उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून 1949 साली वसलेले शहर. येथील अनेक मुले आज इंग्रजी, हिंदी वा मराठी माध्यमात शिकतात. नातवंडांना आपली भाषा वाचता यावी असे आजीआजोबांना वाटते, पण सिंधी वाचनपुस्तक कोणत्याही दुकानात सहजी मिळत नाही. बालभारती सिंधी पुस्तकेही काढते. ती इंटरनेटवर मिळाली की त्यांची अडचण दूर होते. येथे कारण दुर्मिळतेचे आहे.

अंबरनाथ हे कारखान्यांचे गाव. पाळीवर काम करणाऱ्या तरुणाला ठरावीक वेळेच्या वर्गास जाता येत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमासाठी 2019 साली सुरू झालेले ‘भारत स्किल्स’ त्याला पाळी संपल्यावर, कोणत्याही वेळी उघडता येते. येथे कारण वेळेचे आहे.

बदलापूरच्या पुढे वांगणी येथे अनेक दृष्टिहीन कुटुंबे राहतात. छापील पुस्तक फुकट मिळाले तरी अंध पालकाला ते वाचून मुलाचा अभ्यास घेता येत नाही. मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी 2016 साली ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झाले; त्यातील पुस्तके ऐकता येतात वा ब्रेलमध्ये घेता येतात. येथे कारण स्वरूपाचे आहे.

म्हणजे पैसा वाचतो हे या साहित्याच्या वापराचे एकमेव कारण नव्हे. पहिली ते आठवीच्या मुलांना जिल्हा परिषद शाळेत छापील पुस्तके विनामूल्य मिळतातच. जी वस्तू अन्य मार्गाने, सोयीच्या वेळी वा योग्य स्वरूपात मिळत नाही, तिच्यासाठी माणूस इकडे वळतो.

ज्यांच्यापर्यंत ते पोचत नाही

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या अभ्यासमालेतून दररोज पाठ पाठविले जाऊ लागले. पाठ चांगले होते व विनामूल्य होते. पण ज्या घरात एकच मोबाइल असतो आणि तो वडिलांबरोबर पहाटेच्या गाडीने कामावर जातो, त्या घरातील मुलाला पाठ कधी दिसणार? डोंगरपायथ्याच्या वाडीत रेंज मिळत नाही. अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्टीवर जातात, आणि मुले त्यांच्याबरोबर जातात.

शाळा पुन्हा उघडल्या, तरी हा प्रश्न मिटलेला नाही. आजही गृहपाठ मोबाइलवर जातो. ‘साहित्य पाठविले’ असा शेरा पडला की काम पुरे झाल्यासारखे वाटते. परंतु पाठविणे म्हणजे पोचणे नव्हे, आणि पोचणे म्हणजे शिकणे नव्हे. ज्याच्या घरी साधन आहे तो पुढे जातो व नसलेला अधिक मागे पडतो. समतेसाठी निर्माण झालेले साहित्य अशा रीतीने विषमता वाढवू शकते. ते न होऊ देणे पुष्कळ अंशी शिक्षकाच्या हाती आहे.

शिक्षकांनी करावयाच्या गोष्टी

1. वर्गाची एक साधी नोंदवही करावी. घरी मोबाइल आहे काय, तो कोणाजवळ असतो व किती वाजता घरी येतो, एवढेच लिहावे. मुलांना वर्गात उभे करून हे विचारू नये, गृहभेटीत विचारावे.

2. रेंज असेल तेथे दीक्षावरील पाठ आधी उतरवून ठेवावा. मग तो वर्गात इंटरनेटवाचून दाखविता येतो व सर्व मुलांना सारखाच मिळतो.

3. पाठ स्वतः पूर्ण पाहिल्याशिवाय मुलांना दाखवू नये. दहा मिनिटांपैकी उपयोगाची तीनच असतील तर तीनच दाखवावी. आधी एक प्रश्न द्यावा व नंतर एक कृती करवून घ्यावी.

4. आवृत्ती तपासावी. पहिलीचे पाठ्यपुस्तक 2025-26 पासून बदलले आहे. जुन्या पुस्तकावरील साहित्य नव्या पाठाशी जुळेलच असे नाही.

5. स्थलांतरित मूल परतल्यावर बुडालेल्या पाठांची निवडक पाने कागदावर काढून द्यावी. जोडवर्गात एक इयत्ता ऐकत असता शिक्षकाला अशा मुलाजवळ बसता येते.

साहित्याचा साठा अफाट आहे. त्यातून या मुलासाठी, या आठवड्यासाठी कोणते घ्यावे, हे मुलाला ओळखणाऱ्या शिक्षकालाच ठरविता येते.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

1. गेल्या महिन्यात पाठविलेले साहित्य आपल्या वर्गातील किती मुलांनी प्रत्यक्ष पाहिले? हे कशावरून समजले?

2. आपल्या गावात हे साहित्य शाळेबाहेर कोण वापरतात व कशासाठी?

3. ज्या मुलांपर्यंत काहीच पोचले नाही, त्यांची नावे न पाहता सांगता येतील काय?