शिलाई मशीन बिघडले? आधी सुई पाहा, मग पेचकस उचला



जून उजाडला की गडचांदूर, कोरपना, जिवती या भागातील घरांत दोन कामांची एकदमच घाई होते. शेतात कपाशीची लागवड आणि सोयाबीनची पेरणी, तर घरात शाळेच्या गणवेशांची शिलाई. हंगामाच्या तोंडावर हातात पैसा नसतो. अशा वेळी घरातील भगिनीने शिवलेल्या चार-दोन गणवेशांच्या मजुरीतून मीठमिरची आणि किरकोळ खर्च भागतो. नेमक्या याच दिवसांत मशीन अडून बसते. खेड्यावरून मिस्त्री गाठायचा म्हणजे गडचांदूर, राजुरा, नाही तर थेट चंद्रपूर. मशीनचे डोके पोत्यात बांधून एस.टी.ने न्यायचे, दुरुस्त होईपर्यंत वाट पाहायची आणि तोवर कबूल केलेले कपडे तसेच पडून राहायचे. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे गेले की परत येईलच असे नाही.

२०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचाही समावेश आहे. बचत गटांतूनही अनेक घरांत मशीन आले. मशीन घरी येते, पण ते अडले तर काय पाहावे हे बहुधा कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

पिकाचा नियम मशीनलाही लागू

कपाशीची पाने लाल पडली म्हणजे लगेच औषध फवारायचे नसते. आधी पाणी साचले आहे का, अन्नद्रव्य कमी आहे का, तुडतुडे आहेत का, हे क्रमाने पाहावे लागते. मशीनचेही तसेच आहे. घरगुती मशीनच्या बहुतेक तक्रारी सुई, दोरा, कचरा आणि तेल या चार गोष्टींतून निघतात. त्यांना फारसा खर्च लागत नाही. आतील जुळणी बिघडणे हा क्वचित घडणारा प्रकार आहे, पण आपण पेचकस घेऊन नेमके तेथेच हात घालतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. आमच्या घरी आईचे काळे पायमशीन आहे. एका पावसाळ्यात ते टाके सोडू लागले. मी समोरचे झाकण काढून सुईच्या दांड्याचा स्क्रू ढिला केला. दांडा वर सरकला आणि मग टाका पडणेच बंद झाले. गावातील एका वयस्कर शिंपीकाकांना बोलावले. त्यांनी आधी सुई हातात घेतली आणि म्हणाले, “मास्तर, सुई उलटी बसली होती. तेवढी फिरवली असती तर काम झाले असते.” आदल्या दिवशी सुई मीच बदलली होती. सरकलेला दांडा पुन्हा बसवण्यात त्यांची अर्धी सकाळ गेली आणि आईचे चार दिवसांचे काम बुडाले.

टाका कसा पडतो?

दोष शोधण्यापूर्वी एवढे समजून घ्यावे. सुई वरचा दोरा घेऊन कापडाच्या खाली जाते. तळाला पोचून ती दोनएक मिलिमीटर वर येते, तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. त्याच क्षणी शटलची चोच तो फास पकडते आणि बॉबिनच्या भोवतून फिरवते. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मध्यभागी एकमेकांत अडकतात. दोन्ही दोऱ्यांचा ताण सारखा असला तर टाका दोन्ही बाजूंनी एकसारखा दिसतो. सुई वाकडी, उलटी किंवा अर्धवट बसलेली असेल तर चोचीला फास सापडत नाही आणि टाका सुटतो.

पहिली पाच मिनिटांची तपासणी

तक्रार कोणतीही असो, पुढील क्रम मोडू नये. मशीनला मोटार बसवलेली असल्यास आधी प्लग काढावा.

१) सुई बदलावी. सुई साधारण ८ ते १० तासांच्या शिलाईनंतर बोथट होते. शंका आल्यास सुई आरशाच्या काचेवर ठेवून लोळवावी. टोक वरखाली होत असेल तर सुई वाकलेली आहे.

२) सुई योग्य बाजूने बसवावी. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते. दोरा नेहमी त्या खाचेच्या बाजूने ओवायचा असतो. आपल्याकडील नेहमीच्या काळ्या घरगुती मशीनमध्ये सुईची सपाट बाजू बहुधा डावीकडे असते आणि दोरा उजवीकडून डावीकडे जातो. नव्या पांढऱ्या मशीनमध्ये सपाट बाजू बहुधा मागे असते आणि दोरा समोरून मागे जातो. सुई पूर्ण वर टेकवून मगच स्क्रू आवळावा.

३) सुईचा नंबर कापडाप्रमाणे घ्यावा. मलमल, वायल अशा पातळ कापडाला ११, गणवेशाच्या नेहमीच्या कापडाला १४ आणि जाड कापडाला १६ नंबरची सुई वापरावी.

४) वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवावा. ओवताना कापड दाबणारा प्रेशर फूट वर उचललेला असावा. तो खाली असेल तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या राहतात आणि दोरा त्यांच्या मध्ये न बसता वरच राहतो.

५) बॉबिन काढून पाहावी. दोरा सैल किंवा एका बाजूला चढलेला असेल तर पुन्हा भरावी. बॉबिन केसच्या पत्तीखाली अडकलेला धाग्याचा तुकडा काढावा.

६) दोन्ही दोरे मागे ओढून धरावेत, हातचाक आपल्याकडे फिरवावे आणि जुन्या कापडावर चार बोटे शिवून पाहावे.

निम्म्याहून अधिक वेळा काम येथेच संपते, असा अनुभव आहे.

लक्षणे, कारणे व उपाय

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होणे: आपण लगेच बॉबिनला दोष देतो. प्रत्यक्षात दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. तो चकत्यांत बसलेला नसतो किंवा त्याचा ताण सैल असतो. पुन्हा ओवावे, मग ताणाचा नट थोडा आवळावा.

खालचा दोरा वर दिसणे: वरचा ताण जास्त किंवा बॉबिनचा ताण कमी आहे. आधी वरचा ताण कमी करावा. तरीही सुधारणा झाली नाही तर बॉबिन केसची परीक्षा घ्यावी. भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोरा हातात धरावा आणि केस लटकवावी. ती आपोआप घसरत खाली आली तर ताण सैल आहे. हलका झटका दिल्यावर थोडी उतरून थांबली तर ताण बरोबर आहे. अजिबात हलली नाही तर ताण जास्त आहे. पत्तीचा लहान स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये.

टाके सुटणे: सुई वाकडी, बोथट, उलटी किंवा चुकीच्या नंबरची असणे हीच मुख्य कारणे आहेत.

वरचा दोरा तुटणे: जुना, ठिसूळ किंवा गाठाळ दोरा, जास्त ताण, सुईच्या नेढ्यातील खरखरीतपणा. सुईखालच्या पट्टीच्या छिद्राला सुई आपटून ओरखडे पडले असतील तरी दोरा कापला जातो. असे ओरखडे अतिबारीक पॉलिश कागदाने हळुवार घासावेत.

सुई मोडणे: शिवताना कापड हाताने मागे ओढण्याची सवय हे मोठे कारण आहे. ओढल्याने सुई वाकते आणि पट्टीवर आदळते. कापड सरकवणे हे दात्यांचे काम आहे. हाताने फक्त दिशा द्यावी.

कापड पुढे न सरकणे: टाक्याच्या लांबीचा दांडा शून्यावर गेला आहे का, दाते खाली उतरवलेले आहेत का, दात्यांच्या फटीत धाग्याचा गाळ दाबून बसला आहे का, हे पाहावे.

चाक फिरते पण सुई हलत नाही: बॉबिन भरताना हातचाकाच्या मधला गोल स्क्रू ढिला केलेला असतो आणि तो पुन्हा आवळायचा राहून जातो. तो आवळावा. मशीनमध्ये बिघाड नसतो.

मशीन जड चालत असल्यास

प्रथम पट्टा काढून चाक हाताने फिरवावे. चाक हलके फिरले तर दोष पायडल किंवा पट्ट्यात आहे. चाक जड फिरले तर दोष डोक्यात आहे.

डोके जड असल्यास शटल बाहेर काढावे. ते ज्या खाचेत फिरते तेथे अडकलेला दोऱ्याचा एखादा तुकडाही मशीन जाम करतो. सुईखालची पट्टी काढून दात्यांमधील कचरा बारीक ब्रशने काढावा. फुंकर मारू नये. तोंडाच्या ओलाव्याने गंज धरतो.

आपल्या भागात उन्हाळ्यात काळ्या जमिनीची धूळ उडते आणि खाणींच्या व सिमेंटच्या गाड्यांच्या रस्त्यांवरही धूळ भरपूर असते. ही धूळ जुन्या तेलात मिसळून चिकट थर बनते. अशा वेळी नुसते तेल ओतल्याने भागत नाही. तेलाच्या छिद्रांत रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडून मशीन दोऱ्याशिवाय पाच मिनिटे चालवावे, बाहेर आलेली घाण पुसावी आणि नंतर मशीनचे पातळ पांढरे तेल प्रत्येक छिद्रात एक-दोन थेंब द्यावे. शटलच्या खाचेतही एक थेंब द्यावा. रॉकेल वापरताना जवळ चूल किंवा दिवा नसावा. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल वापरू नये. ही तेले वाळून चिकटतात. खोबरेल तर थंडीत गोठते. तेल दिल्यावर जुन्या चिंधीवर शिवून पाहावे, नाही तर गणवेशावर डाग पडतात.

चामडी पट्टा पावसाळ्यात सैल पडून घसरतो. त्याचा अर्धा-एक सेंटिमीटर तुकडा कापून तारेच्या कडीने पुन्हा जोडावा. फार घट्ट करू नये. घट्ट पट्ट्यामुळेही मशीन जड होते.

पोती, ताडपत्री आणि कापूस वेचणीच्या पिशव्या

तागाचे पोते व ताडपत्री घरगुती मशीनवर शिवू नये. सुई मोडते आणि दांड्याची जुळणी सरकते. त्यासाठी दाभण आणि सुतळीच बरी. मात्र कापूस वेचणीच्या पिशव्या घरच्या मशीनवर अवश्य शिवाव्यात. जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे कापड दुहेरी घ्यावे, १६ नंबरची सुई आणि सुती दोरा वापरावा. प्लॅस्टिकच्या पोत्यांचे धागे कापसात मिसळले की ते जिनिंगमध्ये सहज निघत नाहीत आणि कापसाची प्रत घसरते. सुती पिशवीने हे नुकसान टळते.

पेचकस कोठे लावू नये

सुईच्या दांड्याचा स्क्रू आणि खालच्या शाफ्टवरील स्क्रू घरी सोडू नयेत. सुई आणि शटल यांची वेळ याच स्क्रूंवर ठरलेली असते. वरील सर्व तपासण्या करूनही नवी सुई टाका पकडत नसेल, तरच मशीन मिस्त्रीकडे न्यावे. नेताना काय काय करून पाहिले ते त्याला सांगावे.

पावसाळ्यातील काळजी

आपल्या जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मशीन भिंतीला चिकटून किंवा गळतीखाली ठेवू नये. काम संपल्यावर प्रेशर फूटखाली सुती चिंधी ठेवून सुई खाली करावी. जास्तीचे तेल चिंधी शोषून घेते. वरून सुती कापड झाकावे. प्लॅस्टिकखाली दमटपणा कोंडून गंज चढतो. रोज शिवणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा कचरा काढून तेल द्यावे.

मशीनच्या खणात १४ व १६ नंबरच्या चार-चार सुया, एक ब्रश, तेलाची बाटली, लहान पेचकस आणि एक जादा बॉबिन कायम ठेवावी. हा खर्च चंद्रपूरच्या एका खेपेपेक्षा कमीच येतो. मृगाच्या आधी जसे बियाणे व अवजारे तपासून ठेवतो, तसेच मे महिन्यात एक दुपार मशीनसाठी काढावी. मग जूनमध्ये गणवेशाचे कापड दारी आले की मशीन तयार असेल.