‘तसं काही नाही ना?’

नाशिकमध्ये प्रॅक्टिस करता करता गेली सोळा वर्षं मी नव्या समुपदेशकांना आत्महत्येची जोखीम ओळखायला आणि हाताळायला शिकवतेय. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या; राज्यांमध्ये आपला क्रमांक पहिला. तरीही मानसशास्त्रात एम.ए. करून आलेल्या बऱ्याच मुलांनी ‘आत्महत्या’ हा शब्द क्लायंटसमोर एकदाही उच्चारलेला नसतो. त्यांना शिकवताना मला जे उमगलं, ते असं.

१. प्रश्न तोंडातून निघायला हवा.

पहिल्या दिवशी सकाळी मी जोड्या पाडते. एकानं क्लायंट व्हायचं, दुसऱ्यानं विचारायचं. बहुतेकांची गाडी एकाच रुळावरून जाते : थोडी चुळबुळ, मग नजर वहीकडे, मग “म्हणजे... तुमच्या मनात तसं काही नाही ना?”

या प्रश्नात उत्तर आधीच भरून दिलेलं आहे. ‘नाही ना’ ऐकल्यावर आपला माणूस “छे हो, तसं काही नाही” असंच म्हणणार. त्यात खोटेपणा नसतो. समोरच्याला अवघडू न देण्याची ती आपली जुनी रीत. ‘जिवाचं बरंवाईट’ हा आणखी एक आडोसा. बरं म्हणजे काय आणि वाईट म्हणजे काय, हे विचारणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून मी एकच वाक्य घोटून घेते : “इतका त्रास होतो, तेव्हा आत्महत्येचा विचार मनात येतो का?” आवाज न अडखळता येईपर्यंत, एकेकाकडून. वीस जणांच्या वर्गात या एका वाक्याला अख्खी सकाळ जाते, आणि ती वाया गेली असं मला कधी वाटलं नाही.

विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती प्रत्येक तुकडीत कुणीतरी बोलून दाखवतंच. यावर संशोधन झालंय. विचारण्यानं धोका वाढल्याचं आढळलेलं नाही. उलट पुष्कळदा समोरच्याचे खांदे सैल पडतात. कुणीतरी तो शब्द आपल्या आधी उच्चारला, याचीच सुटका वाटते.

२. म्हणी-वाक्प्रचारांकडे कान ठेवावा.

‘देवानं उचलावं’, ‘डोळे मिटले की सुटले’, ‘भुईला भार झालोय’. ही वाक्यं आपण घराघरांत इतकी ऐकलेली असतात की समुपदेशकाच्या कानांवरूनही ती घरंगळून जातात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांच्या मांडणीत ‘आपण इतरांवर ओझं आहोत’ ही भावना मध्यभागी आहे. आपल्या आज्या तेच भुईच्या भाषेत सांगतात. दर वेळी त्यात धोका असतो असं नाही, पण “भार म्हणजे? कुणाला भार वाटतो?” एवढं विचारायला काहीच लागत नाही.

३. ‘औषध’ या शब्दानं मला चांगलाच धडा दिला.

पुण्यात वाढलेली एक मुलगी माझ्या सुपरव्हिजनखाली काम करत होती. निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराशी झालेल्या सेशनची तिची नोंद मी वाचत होते : ‘घरी औषध आहे.’ तिनं पुढं स्वतःच लिहिलं होतं, उपचार सुरू असल्याचं दिसतं. मी नाशिकची. खेड्यात ‘औषध’ म्हणजे फवारणीचं, हे मला माहीत. त्याच संध्याकाळी तिला पुन्हा फोन करायला लावला. तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, “मग तुम्हाला काय वाटलं, ताई?”

तेव्हापासून माझ्या वर्गात बोलीभाषेचा एक तास असतो. घरातलं घातक सामान कुलपात किंवा शेजाऱ्याकडे जाणं हा जीव वाचवण्याच्या सर्वांत भरवशाच्या उपायांपैकी एक. टोकाची घडी पुष्कळदा थोडाच वेळ टिकते. त्या वेळेपुरतं अंतर मिळालं तरी माणूस मागे फिरू शकतो. पण सामान कुठलं, हे कळलंच नाही तर ते हलवणार कोण?

४. फॉर्म भरायचा, पण जनगणनेला आल्यासारखा नव्हे.

जोखीम तपासणारं कोलंबिया स्केल मी शिकवते. मरावंसं वाटतं का, इथून सुरुवात करून विचार, इरादा, योजना, आधीचा प्रयत्न अशा पायऱ्या ते नीट चढवतं. नवख्याला कठड्यासारखा आधार होतो. मात्र शेवटी ‘कमी, मध्यम, जास्त’ असा शिक्का मारून फाइल मिटणारे मला आवडत नाहीत. २०१७ साली पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. पुढं कोण प्रयत्न करील याचं भाकीत नाणेफेकीपेक्षा जेमतेमच सरस, असा त्याचा निष्कर्ष. आपण ज्योतिषी नाही, हे मान्य केलं की प्रश्न बदलतो : आजची रात्र या माणसाला कशानं सोपी जाईल, आणि कुठली बातमी आली तर अवघड होईल?

५. शपथ घ्यायला लावू नये.

“आईची शपथ घे, असं काही करणार नाहीस.” हे आपल्याकडे इतकं रुजलंय की शिकलेली माणसंही सेशनमध्ये शपथ घ्यायला लावतात, वर कागदावर सही घेतात. अशा करारानं आत्महत्या टळतात याचा पुरावा नाही. शपथ घेतलेला क्लायंट पुढच्या वेळी खरं सांगायला कचरतो, एवढं मात्र मी पाहिलंय.

त्याऐवजी बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांचा सेफ्टी प्लॅन. धोक्याची खूण कोणती, स्वतःला कसं सावरता येतं, कुठं गेल्यावर आणि कुणात बसल्यावर मन वळतं, मदत कुणाकडे मागायची, तज्ज्ञ कोण, घर सुरक्षित कसं करायचं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये हा प्लॅन आणि पाठपुराव्याचे फोन मिळालेल्यांत पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. आमची मुलं मात्र कागद स्वतःच भरून टाकतात : संगीत ऐका, प्राणायाम करा. एका क्लायंटनं सांगितलं होतं, “गोठ्यात जाऊन बसतो.” शिकाऊ मुलानं ते खोडून ‘ध्यान’ लिहिलं. मी पुन्हा गोठा लिहायला लावला.

६. पोलिसांची भीती आधी घालवावी.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम ११५ सांगतं की प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ जुलै २०२४पासून नव्या संहितेत उरलेलं नाही. घरच्यांना हे सांगितलं की ती दारामागून पुढं येतात. गुप्तता कुठवर पाळणार आणि जिवाला धोका दिसला तर कुणाला सांगणार, हे क्लायंटशी पहिल्याच भेटीत बोलून घ्यावं. ऐन वेळी सांगितलं तर तो दगा वाटतो.

७. फोन करत राहावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या अभ्यासात चेन्नईही होतं. प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्यांशी तासभर बोलणं, मग अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. एवढ्यावर त्या गटात आत्महत्येनं ०.२ टक्के माणसं गेली. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २.२ टक्के. माझ्या हुशार विद्यार्थ्यांना हे काम फार साधं वाटतं.

८. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर क्लायंटला देण्याआधी स्वतः एकदा लावून पाहावा.

९. याची तालीम होत नाही.

तीन वर्षांपूर्वी सकाळी साडेसातला माझ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. तिचा क्लायंट गेला होता. मी रिक्षा करून तिच्या क्लिनिकला पोचले. ती एकच विचारत होती : “मॅडम, गेल्या सेशनला मी विचारलं होतं का?” आम्ही नोंद काढली. विचारलं होतं. थेट, त्याच वाक्यात. समोर त्याचं उत्तर होतं : नाही.

मी काहीच बोलले नाही. माझा पहिला क्लायंट गेला, तेव्हा माझ्या सरांनी चहा पाजला होता आणि नोंदवहीला हातही लावला नव्हता. मीही खालच्या टपरीवरून दोन कटिंग मागवले.

तिचा पुढचा क्लायंट अकरा वाजता होता. रद्द करायचं का, मी विचारलं. बराच वेळ ती कपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “नको. पण तुम्ही बाहेर बसाल?”

मी दीड वाजेपर्यंत बाहेर बसले होते.