आकाशातील नोंदवही

दाराच्या चौकटीवर दरवर्षी मुलांची उंची खुणेने नोंदविण्याची रीत पुष्कळ घरांत असते. समजा, एके वर्षी मुलाने पायांतील वहाणा न काढताच खूण करून घेतली, तर ती मागील खुणांशी कशी ताडून पाहावी? पृथ्वीच्या हवामानाची दीर्घकाळची नोंद ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे असाच प्रश्न उभा राहिला.

अमेरिकेने १ एप्रिल १९६० रोजी टायरॉस-१ हा पहिला यशस्वी हवामान-उपग्रह सोडला. १९७८ च्या अखेरीपासून अशा उपग्रहांवरील उपकरणे वातावरणाचे तापमान अखंड मोजीत आली आहेत. हवेतील प्राणवायू सूक्ष्मलहरी बाहेर टाकतो. हवा जितकी उष्ण, तितक्या त्या लहरी प्रबळ. त्यांवरून तापमान काढतात.

परंतु उपग्रह काही वर्षांनी निकामी होतो व त्याची जागा दुसरा घेतो. दोघांची उपकरणे तंतोतंत सारखी नसतात. म्हणून दोघांनी एकाच काळात केलेल्या नोंदींतील फरक पाहून त्यांचा सांधा जुळवावा लागतो. शिवाय काही उपग्रहांची एखाद्या स्थळावरून जाण्याची वेळ हळूहळू सरकते. आरंभी दुपारी दोनला जाणारा उपग्रह पुढे चारला जाऊ लागला, तर वेळेतील हा फरक तापमानातील बदल म्हणून नोंदला जातो. तापमानाची वाढ दहा वर्षांत अंशाच्या एक-दोन दशांशांइतकीच असते. तेव्हा एवढीशी चूकही सत्य झाकून टाकते.

जॉन क्रिस्टी व रॉय स्पेन्सर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये अनेक उपग्रहांच्या नोंदी जोडून प्रसिद्ध केल्या. जमिनीवरील तापमापक उष्णता वाढत असल्याचे सांगत होते. या नोंदीत मात्र ती वाढ फारशी दिसेना. १९९८ मध्ये फ्रँक वेंट्झ व मथायस शाबेल यांनी कारण शोधले. विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रह थोडे थोडे खाली येतात व हवा थंड होत असल्याचा भास होतो. पुढे २००५ मध्ये कार्ल मिअर्स व वेंट्झ यांनी दाखविले, की सरकत्या वेळेची दुरुस्तीच उलट दिशेने झाली होती. क्रिस्टी व स्पेन्सर यांनी चूक मान्य करून नोंद सुधारली आणि तापमानाची वाढ अधिक स्पष्ट दिसू लागली.

मुलांनो, चौकटीवरील जुनी खूण कधी पुसू नये. पण वहाणेची उंची वजा करण्यास लाजूही नये.

स्वाध्याय
१. दोन उपग्रहांनी एकाच काळात मोजणी करणे का आवश्यक आहे?
२. उपग्रह खाली आल्याने कोणता भास झाला?
३. ‘वहाणेची उंची वजा करणे’ म्हणजे काय, ते पाठाच्या आधारे सांगा.