दिवस नव्हे, प्रवेश मोज

पुणे

चि. ऋतुजा हिस,


तुझा प्रवासाचा आराखडा मिळाला. मुंबईहून बँकॉक, तिथून बसने सिएम रीप, मग नॉम पेन्ह, पुढे हो ची मिन्ह सिटी, रेल्वेने हनोई, विमानाने लुआंग प्राबांग, परत हनोई आणि तिथून मुंबई. मार्ग सुरेख आखला आहेस. हो ची मिन्ह सिटी ते हनोई हा 1,726 किलोमीटरचा लोहमार्ग विमानाने ओलांडायचा मोह टाळलास, याचा विशेष आनंद झाला. वाटेत ह्युएला नक्की उतर.

पण सोबतच्या कोष्टकात प्रत्येक देशापुढे तू फक्त दिवस लिहिले आहेस. दिवसांची अडचण तुला कुठेच येणार नाही. कंबोडिया आणि लाओसचा ई-व्हिसा 30 दिवस राहू देतो, व्हिएतनामचा 90 दिवसांपर्यंत मिळतो, आणि तुम्हा मैत्रिणींचा सगळा प्रवास चार आठवड्यांत उरकतोय. अडचण येईल ती प्रवेशांची. कोष्टकात आणखी एक रकाना कर आणि त्यात कोणत्या देशात कितीदा आणि कोणत्या ठाण्यावरून शिरणार, हे लिही. तुझ्या आराखड्यात व्हिएतनाम दोनदा येतो, हे तेव्हा आपोआप दिसेल.

व्हिएतनामने 15 ऑगस्ट 2023 पासून ई-व्हिसा 90 दिवसांचा केला आणि त्यात दोन प्रकार ठेवले. एकदाच प्रवेश देणारा 25 डॉलरचा, अनेकदा प्रवेश देणारा 50 डॉलरचा. पहिला घेतलास, तर हनोईहून लाओसला जाण्यासाठी बाहेर पडल्याचा शिक्का बसला की तो व्हिसा संपला. त्यावर आणखी दोन महिने शिल्लक दिसत असले तरी संपला. मी तिकिटांच्या कामात असताना सांगलीकडच्या एका जोडप्यावर हीच वेळ आली होती. कंबोडियात अंगकोर बघून ते व्हिएतनामला परतत होते आणि विमान कंपनीच्या खिडकीवरच त्यांना थांबवलं. परदेशात प्रवेश नाकारला गेलेल्या प्रवाशाला परत आणायचा भार विमान कंपनीवर पडतो, म्हणून कागद आधी तीच तपासते. तिथे विनवणी चालत नाही. त्या बाईंचा रडवेला आवाज मी फोनवर ऐकला आहे. तुझा तसा फोन मला यायला नको.

तुझ्या मैत्रिणीने युरोप केला, तेव्हा एका शेंगेन व्हिसावर ती देशामागून देश फिरली. तिथे 29 देशांनी आपसांतल्या सीमांवरची तपासणी काढून एक बाहेरची सीमा मानली आहे. तू जातेस तिथे तशी सोय नाही. थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, लाओस यांचे नकाशे एकमेकांना खेटून असले, तरी प्रत्येकाचा अर्ज वेगळा, पैसे वेगळे, नियम वेगळे.

आता बँकॉक ते सिएम रीप बसने जायचं ते काढून टाक. ती बस अरण्यप्रथेत–पॉइपेट या ठाण्यावरून जात असे. 2025 च्या जूनमध्ये दोन्ही देशांतला तणाव वाढून सीमेवरची ठाणी बंद झाली, जुलैत तर तोफा चालल्या. माझं ऐक आणि विमानानेच जा. कंबोडियातून व्हिएतनामला मात्र बसने खुशाल जा. बावेत आणि पलीकडचं मॉक बाय, ही दोन्ही ठाणी ई-व्हिसा स्वीकारतात. सगळी ठाणी स्वीकारत नाहीत, म्हणून रकान्यात ठाण्याचं नाव लिहायला सांगितलं. व्हिएतनामच्या अर्जात कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार, दोन्ही निवडावं लागतं. तिथे सवयीने विमानतळ निवडू नकोस. मॉक बाय निवड, आणि बाहेर पडायला हनोईचा नोई बाई विमानतळ.

पण व्हिएतनामच्या दुसऱ्या प्रवेशावर मला सुचतो तो सगळ्यात सोपा उपाय परतीचा आहे. लुआंग प्राबांगहून हनोईला परत जाऊच नकोस. तिथून बँकॉकला ये आणि मुंबईचं विमान धर. थायलंडने जुलै 2024 मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय 60 दिवस राहायची मुभा दिली. तिकीट काढायच्या दिवशी ती तशीच आहे ना, हे थाई वकिलातीच्या संकेतस्थळावर बघून घे. ज्या देशाचे नियम सैल, तो प्रवासाच्या दोन्ही टोकांना ठेवावा. मग व्हिएतनामचा 25 डॉलरचा व्हिसा पुरतो, आणि बँकॉकला दोन वेगळी तिकिटं असल्यामुळे सामान घेऊन बाहेर यावं लागलं तरी बिघडत नाही. फक्त थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड दोन्ही वेळा भरायचं. 1 मे 2025 पासून ते सक्तीचं आहे, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. कंबोडियाला विमानाने उतरताना तिथलं ई-आगमन कार्डही लागेल.

अर्ज एकाच दिवशी बसून उरकू नकोस. कंबोडियाचा व्हिसा मंजूर झाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो, लाओसचा 60 दिवसांत. व्हिएतनामचा तू मागितलेल्या तारखेपासून सुरू होतो, त्याच्या आदल्या दिवशीही आत घेत नाहीत. तुम्ही निघताय फेब्रुवारीत आणि लाओस सगळ्यात शेवटी आहे, म्हणजे त्याचा अर्ज जानेवारीच्या अखेरीस कर. व्हिएतनामचा मात्र लवकर कर, कारण टेट, म्हणजे त्यांचं नववर्ष, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येतं. व्हिसाला कामकाजाचे तीन दिवस लागतात असं ते म्हणतात, पण टेटला कार्यालयं बंद असतात.

नावाकडे फार लक्ष दे. आपल्याकडच्या पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात मुलीचं आणि वडिलांचं नाव सलग छापलेलं असतं. तुझं मी पाहिलं आहे, तसंच आहे. तिकिटावर नुसतं ऋतुजा आणि आडनाव, व्हिसावर तिन्ही नावं, असं होऊ देऊ नकोस. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यात नाव जसं आहे तसंच तिकिटावर आणि तिन्ही अर्जांत टाक. तुझ्या सोबतच्या मैत्रिणीच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा नाही ना, तेही विचार. पासपोर्टाची मुदत प्रवासानंतरही सहा महिने उरायला हवी.

अर्ज स्वतः भरा, एजंटाला देऊ नका. व्हिसाचं नाव टाकून शोधलं की सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं आधी वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी सरकारी 'जीओव्ही' आणि त्यापुढे देशाची अक्षरं असावीत. व्हिएतनामची व्हीएन, कंबोडियाची केएच, लाओसची एलए. मंजुरीच्या कागदाच्या प्रत्येकी दोन प्रती छापून घे, मोबाइलवर भिस्त ठेवू नकोस. मंजुरी आली की नाव, पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघ.

नवा रकाना भरून रविवारपर्यंत मला पाठव. तोवर एकही तिकीट काढू नकोस. तुझ्या आईला सांग, बँकॉकहून परतीचा बदल मी सुचवला आहे, म्हणजे ती घाबरणार नाही.

तुझी,
मावशी