डोमेन ॲडमिनचा पासवर्ड मागू नकोस

चि. भाच्यास,


तुझा मेसेज वाचला. नव्या विद्यार्थ्यांची खाती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत इम्पोर्ट करताना ‘ॲक्सेस डिनाइड’ येतंय, तर साहेबांकडे डोमेन ॲडमिनचा पासवर्ड मागू का, असं विचारलंस. मागू नकोस. त्याने एरर जाईल, पण अडलं कुठे ते तुला कळणार नाही. शिवाय तो पासवर्ड इम्पोर्टच्या स्क्रिप्टमध्ये राहिला आणि ती फाइल भलत्याच्या हाती लागली, तर सगळं डोमेनच त्याच्या ताब्यात गेलं म्हणून समज.

आधी एररचा आकडा नीट वाच. एलडॅप, म्हणजे डिरेक्टरीशी बोलण्याचा प्रोटोकॉल, त्यात ४९ म्हणजे लॉगिनच झालं नाही: पासवर्ड चुकला, त्याची मुदत संपली किंवा खातं लॉक झालं. तिथे परवानग्या बदलत बसून काही होत नाही. ५० म्हणजे ओळख पटली, पण या कामाचा हक्क नाही. साध्या, एन्क्रिप्ट न केलेल्या जोडणीवरून पासवर्ड लिहू पाहिलास तर ५३ येतो. तेव्हा जोडणी सुधार, परवानग्यांना हात लावू नकोस.

५० असेल तर तीन गोष्टी तपास: कोण, कुठे, काय.

कोण? शेड्यूल केलेली स्क्रिप्ट बहुतेक वेळा वेगळ्याच सर्व्हिस अकाउंटने चालते. तू स्वतःच्या लॉगिनने चालवून पाहिलीस, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. खातं एखाद्या गटात नुकतंच घातलं असेल, तर नव्याने लॉगिन झाल्याशिवाय तो हक्क लागू होत नाही.

कुठे? इम्पोर्टच्या सीएसव्ही फाइलमध्ये लिहिलेला ओयू, म्हणजे डिरेक्टरीतला ज्या कप्प्यात खातं जाणार तो, बघ. एका ओयूवर दिलेला हक्क शेजारच्या ओयूवर चालत नाही.

काय? खातं तयार करणं आणि पासवर्ड रीसेट करणं हे दोन निराळे हक्क आहेत. पहिला असला आणि दुसरा नसला, तर पॉवरशेलने खातं तयार होतं, पण डिसेबल्ड पडून राहतं. स्क्रिप्ट पुन्हा चालवलीस की ‘खातं आधीच आहे’ ही नवी तक्रार येते आणि मूळ दुखणं झाकलं जातं. म्हणून यादी सोडण्याआधी एकच चाचणी-खातं करून बघ.

जुनी खाती अपडेट करताना मोजकीच नावं अडत असतील, तर ती डोमेन ॲडमिन्ससारख्या संरक्षित गटात आहेत का ते पाहा. अशा खात्यांवरच्या परवानग्या डिरेक्टरी दर ६० मिनिटांनी मूळपदावर आणते. त्यांच्याशी झगडू नकोस; ती नावं यादीतून वगळ आणि हाताने कर.

आता उपाय. इम्पोर्टसाठी एक गट कर, सर्व्हिस अकाउंट त्यात घाल, आणि विद्यार्थ्यांच्या ओयूवर राइट-क्लिक करून ‘डेलिगेट कंट्रोल’मधून त्या गटाला खाती तयार करण्याचा व पासवर्ड रीसेटचा हक्क द्यायला साहेबांना सांग. माणसाला थेट हक्क देऊ नये. माणूस बदली होऊन जातो आणि हक्क मागे राहून जातो.

साहेबांना एकाच ओळीत लिही: कोणता गट, कोणता ओयू, कोणते हक्क. हक्क मागताना नेमका आणि कामापुरताच मागायचा, ही सवय आत्ताच लावून घे. या धंद्यात विश्वास त्यानेच मिळतो.

तुझा,
मामा