चिवट रसायनं आणि आपला डबा



कार्यक्रम संपला की उरलेली भाजी, जिलबी बांधून न्यायची ही आपली जुनी सवय. पण कागदाच्या खोक्यातून तेल बाहेर का झिरपत नाही, याचा विचार आपण कधी केला आहे का?

त्यामागे बऱ्याचदा 'पीफास' नावाची रसायनं असायची. हा हजारो रसायनांचा गट आहे. त्यांतली कार्बन आणि फ्लोरिनची जोडी इतकी घट्ट की ती निसर्गात सहजी तुटत नाही, म्हणून त्यांना 'फॉरेव्हर केमिकल्स' म्हणतात. 1938 मध्ये सापडलेलं टेफ्लॉन याच कुळातलं. यांतली काही रसायनं शरीरात गेली की निम्मी बाहेर पडायलाही काही वर्षं लागतात.

धोका काय?
आपल्या शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात पार्कर्सबर्गला टेफ्लॉनच्या कारखान्यातून पीएफओए हे रसायन पिण्याच्या पाण्यात गेलं. खटल्यातल्या तडजोडीनंतर सुमारे 69,000 लोकांचं रक्त तपासलं. 2012 पर्यंत तज्ज्ञांनी सहा आजारांशी संभाव्य संबंध दाखवला: मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, गरोदरपणातला रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल.

हा प्रश्न आपल्या कोकणातही पोचला आहे. इटलीतल्या व्हेनेटो भागात मिटेनी कारखान्यामुळे लाखो लोकांचं पाणी दूषित झालं. कारखाना 2018 मध्ये दिवाळखोरीत गेला आणि जून 2025 मध्ये विचेन्झाच्या कोर्टाने 11 जणांना शिक्षा सुनावली. त्याची यंत्रसामग्री मात्र एका भारतीय कंपनीने घेऊन रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामला आणली. तिकडे ज्यांचं घर आहे, त्यांनी पाण्याच्या तपासणीबद्दल जरूर विचारावं.

आपण काय करू शकतो?

1. अमेरिकेत अन्नाच्या कागदी वेष्टनांवर तेल रोखण्यासाठी पीफास विकणं थांबलं, असं एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केलं. पण गराजमध्ये जुन्या ताटल्यांचा साठा असेल तर तो आता वापरू नका. नुसतं 'कंपोस्टेबल' लिहिलेलं पुरेसं नाही. 'पीफास-विरहित' असं लिहिलेलं पाहा.
2. केळीचं पान उत्तम. सुपारीच्या झापाच्या ताटल्या मात्र नकोत, कारण त्यांतली द्रव्यं अन्नात उतरू शकतात, असा इशारा एफडीएने 2025 मध्ये दिला.
3. ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा काढून टाका. बिडाचा किंवा लोखंडी तवा काही दिवसांत छान वळतो.
4. आपल्या नळाला मुख्यतः पोटोमॅकचं पाणी येतं. लाउडन वॉटरचा वार्षिक अहवाल वाचा. ईपीएने 2024 मध्ये पीएफओए आणि पीएफओएस यांची मर्यादा प्रत्येकी एक लाख कोटी भागांत 4 भाग अशी ठरवली. पाणी उकळून ही रसायनं जात नाहीत! प्रमाणित कार्बन फिल्टर किंवा आरओ लावा, आणि कार्ट्रिज वेळेवर बदला.

घाबरून जायचं कारण नाही. एका खोक्याने कुणी आजारी पडत नाही. प्रश्न वर्षानुवर्षं साठत जाण्याचा आहे, आणि त्यात लहान मुलं व गरोदर लेकीसुनांची काळजी अधिक घ्यायला हवी.

तेव्हा एक विनंती. पुढच्या कार्यक्रमाला प्रत्येक घरातून ताट, वाटी आणि स्टीलचा डबा आणू या. ताटल्या-खोक्यांचे जे पैसे वाचतील, ते मदतनिधीत टाकू. आईने शाळेत जाताना हातात दिलेला डबा आठवतो ना? तोच पुन्हा बाहेर काढायचा, इतकंच!