घरात दुकान काढताना

समजा, तुमच्या अब्बांना घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान काढायचे आहे. घर स्वतःचे आहे. मग नगरपरिषदेला का विचारायचे?

दुकान आले की गिऱ्हाइके येतात, मालाचे टेम्पो थांबतात, शेजाऱ्यांची वाट अडते. म्हणून महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार नवे बांधकाम करण्यास, तसेच राहत्या जागेचा वापर बदलण्यासही परवानगी लागते.

अर्ज, मंजूर, नामंजूर हे शब्द तुम्हांला उर्दूतूनही ठाऊक आहेत. अर्ज नामंजूर झाला किंवा अटी घातल्या, तर त्याची कारणे आदेशात द्यावीच लागतात. निर्णय पटला नाही, तर तो कळल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते.

अर्जाची पोच जपून ठेवा. पूर्ण अर्ज देऊनही ६० दिवसांत उत्तर आले नाही आणि नकाशा नियमांत बसत असला, तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. मात्र आधी दुकान आणि मग अर्ज, असे केल्यास नोटीस येते.

शब्दार्थ : पोच – मिळाल्याची पावती, अट – शर्त.

स्वाध्याय : घर स्वतःचे असूनही परवानगी का लागते?